जमीन देऊन शांतता का मिळत नाही?

युद्ध लांबलं की एक सल्ला हमखास ऐकू येतो. "द्यायची थोडी जमीन आणि मिटवायचं एकदाचं." युक्रेनबद्दल हा सल्ला टीव्हीवरच्या चर्चेत ऐकू येतो, व्हॉट्सअॅपवर फिरतो, आणि नागपुरात तर सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावरही मिळतो. सल्ला देणारी माणसं काही वाईट नसतात. रोज माणसं मरताहेत, ते थांबावं असं कुणाला वाटणार नाही? पण हा सल्ला एका गृहीतकावर उभा आहे: हल्ला करणाऱ्याला हवं ते मिळालं की तो थांबतो. या गृहीतकाची परीक्षा इतिहासात अनेकदा झाली आहे, आणि निकाल बहुतेक वेळा वाईट लागला आहे. का, ते या लेखात बघू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. प्रत्येक तहात कुणीतरी काहीतरी सोडतोच, त्यामुळे नुसती देवाणघेवाण म्हणजे अन्याय नव्हे. अन्यायी तह म्हणजे ज्यात हल्ला करणाऱ्याला हल्ल्याचं बक्षीस मिळतं आणि ज्याच्यावर हल्ला झाला त्याला एक तर विचारलंच जात नाही, किंवा मानेवर सुरी ठेवून त्याची सही घेतली जाते. आंतरराष्ट्रीय कायद्यालाही हे मान्य नाही. करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचं ५२ वं कलम सांगतं की बळाच्या धाकानं किंवा वापरानं मिळवलेला करार मुळातच रद्दबातल असतो. अर्थात कलम कागदावर असतं आणि रणगाडे रस्त्यावर. म्हणून कायद्याचा मुद्दा इथंच सोडतो आणि व्यवहाराकडे वळतो.

हा व्यवहार समजून घ्यायला नागपूरकराला युरोपात जायची गरज नाही. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीवर, उभं राहिलं तरी पुरे.

नागपूरचा तह, पाच हप्त्यांत

१८०३ सालच्या शेवटी दुसरे रघूजी भोसले इंग्रजांशी लढून हरले. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई गेली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक आणि बालासोर कंपनीला गेलं, म्हणजे भोसल्यांच्या हातचा समुद्रकिनारा गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड इंग्रजांच्या दोस्ताला, निजामाला मिळाला. नागपुरात कायमचा इंग्रज रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी, येऊन बसला. आणि सही झाल्यावर आणखी एक गोष्ट पुढं आली: इंग्रजांनी भोसल्यांच्या ओरिसाकडच्या मांडलिकांशी परस्पर करार करून ठेवले होते, आणि ते भोसल्यांनी मान्य करावेत असं कलम तहात बसवलेलं होतं.

पुढं काय झालं हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. शाळेच्या पुस्तकात १८०३ नंतर थेट १८१७ येतं. पण खरा धडा मधल्या तेरा वर्षांत आहे. राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा गेला, पण सैन्य आणि दरबार तेवढाच राहिला. उरलेल्या गावांवर सारा वाढला, नवे कर बसले. फौजेचा पगार थकला, तेव्हा शिपाई आपल्याच कुणब्यांना लुटून पोट भरू लागले. त्यात पेंढाऱ्यांचा सुळसुळाट झाला. १८११ मध्ये तर ते थेट नागपूरपर्यंत आले आणि शहराबाहेरच्या वस्त्या जाळून गेले. म्हणजे तहानं राज्य आधी दुबळं केलं, आणि मग ते दुबळेपणच पुढच्या मागणीचं कारण झालं: तुम्हाला स्वतःचं रक्षण करता येत नाही ना, मग आमची फौज ठेवा. खर्च अर्थात तुमचा.

रघूजींनी ही तैनाती फौज शेवटपर्यंत घेतली नाही. हा त्यांचा हट्ट नव्हता, शहाणपण होतं. मार्च १८१६ मध्ये ते वारले. गादीवर आलेले परसोजी प्रकृतीनं आणि बुद्धीनं अधू. सत्ता कुणाच्या हाती जावी यावरून घरातच ओढाताण सुरू झाली. चुलतभाऊ आप्पासाहेबांना स्वतःचं आसन पक्कं करायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी इंग्रजांचा हात धरला. मे १८१६ मध्ये, रात्री, गुपचूप, तैनाती फौजेच्या तहावर सही झाली. रघूजींनी इतकी वर्षं अडवून धरलेली गोष्ट दोन महिन्यांत पदरात पडली. पुढच्या फेब्रुवारीत परसोजी अंथरुणात मेलेले सापडले आणि संशय आप्पासाहेबांवर गेला. आप्पासाहेब राजे झाले खरे, पण त्यांच्या राजधानीच्या उंबऱ्यावर आता परकी फौज होती, आणि तिचा पगार नागपूरच्या खजिन्यातून जात होता.

आप्पासाहेबांना लवकरच उमगलं की राजेपण नावाचंच आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये पेशव्यानं पुण्यात इंग्रजांविरुद्ध तलवार उपसली. आप्पासाहेबांनी रेसिडेंट जेंकिन्सचा विरोध असताना पेशव्याकडून आलेली मानाची वस्त्रं जाहीर दरबारात स्वीकारली. २६ तारखेच्या संध्याकाळी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर गोळीबार सुरू झाला. वर इंग्रजांची सुमारे चौदाशे माणसं होती आणि खाली त्यांच्या अनेक पट मोठी भोसल्यांची फौज. रात्रभर लढाई चालली. सकाळी भोसल्यांच्या चाकरीतल्या अरबांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीवर वळवली. काही वेळ असं वाटलं असणार की हे जमतंय. मग कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळानं मैदानात हल्ला चढवला, त्यातच छोट्या टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, अरबांची फळी फुटली आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. आज त्या टेकडीवरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्य माणसाला वर्षातून मोजक्या दिवशीच आत जाता येतं. खाली मेट्रोचं मोठं जंक्शन आहे आणि बाजारात पाय ठेवायला जागा नसते.

जानेवारी १८१८ मध्ये आणखी एक तह झाला: नर्मदेकडचा मुलूख गेला, १८०३ च्या तहानं परत मिळालेला गाविलगडही गेला, कारभार रेसिडेंटच्या हाती. दोन-अडीच महिन्यांत आप्पासाहेबांना अटक झाली. गादीवर लहानग्या तिसऱ्या रघूजींना बसवलं आणि राज्य जेंकिन्सनं चालवलं. १८२६ मध्ये पुन्हा तह. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी पुत्राविना वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीनं राज्यच खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, दागिने लिलावात निघाले. दुसऱ्या रघूजींच्या विधवा राणी, म्हाताऱ्या बाकाबाईंनी आकांत केला, पण तो ऐकायला कुणी नव्हतं.

१८०३, १८१६, १८१८, १८२६, १८५४. यातल्या पहिल्या चारही वेळी कागदावर मैत्री आणि शांतता लिहिलेली होती.

असं का होतं

राज्यशास्त्रात यावर बराच विचार झाला आहे. जेम्स फिअरॉन या अमेरिकन अभ्यासकानं १९९५ मध्ये एक साधा वाटणारा प्रश्न विचारला: युद्ध दोघांनाही महाग पडतं, मग दोघं आधीच तडजोड का करत नाहीत? त्याच्या उत्तरातला एक भाग आपल्या कामाचा आहे. तडजोड झाल्यावर एका बाजूची ताकद वाढणार असेल, तर ती बाजू उद्या शब्द पाळेल याची खात्री आज कुणीच देऊ शकत नाही. तिची आजची नियत अगदी स्वच्छ असली तरीही. कारण उद्याचा हिशेब उद्याच्या ताकदीवर ठरतो.

हुडकेश्वर-बेसाकडच्या एखाद्या लेआउटमधलं प्लॉटचं भांडण डोळ्यापुढं आणा. शेजाऱ्यानं तुमच्या हद्दीत दोन फूट आत भिंत घातली. चार लोक जमले, म्हणाले, जाऊ द्या, एक फूट सोडा, एक फूट तो सोडेल. भांडण मिटलं. पण आता त्याला दोन गोष्टी कळल्या: तुम्ही कोर्टात जात नाही, आणि चार लोक नेहमी मधला आकडा काढतात. पुढच्या वेळी तो चार फूट आत येईल.

देशांच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिसळते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. हल्लेखोर जो भाग मागतो तो सहसा नुसता भूभाग नसतो. त्यात डोंगर असतात, किल्ले असतात, बंदरं असतात, नदीचा उतार असतो, कारखाने असतात. म्हणजे पुढच्या हल्ल्यापासून वाचायची साधनंच आधी मागितली जातात. तहानंतर पीडित देश तेवढा लहान होतो आणि शिवाय उघडा पडतो. दुसरा हल्ला पहिल्यापेक्षा स्वस्त होतो. अन्यायी तह मोडतो तो मुख्यतः या स्वस्ताईमुळे. तहाच्या एका बाजूला दुष्ट माणूस बसलेला असणं ही त्याची अटच नाही. बऱ्यापैकी हिशेबी माणूसही मोडेल.

म्युनिक: दोन वाजताची जांभई

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९३८ चं आहे. हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हवा होता. तिथं जर्मन बोलणारे लोक बहुसंख्य होते आणि त्यांच्यावर अन्याय होतो अशी त्याची तक्रार होती. २६ सप्टेंबरच्या भाषणात त्यानं सांगितलं की युरोपातली ही त्याची शेवटची प्रादेशिक मागणी आहे.

पण सुडेटनलँड म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा डोंगराळ सरहद्दीचा पट्टा होता. चेक लोकांनी तिथं काँक्रीटची भक्कम तटबंदी उभी केली होती. दहा लाखांवर माणसं त्यांनी सैन्यात बोलावली होती. लढले असते तर जिंकलेच असते असं मी म्हणत नाही. पण ती लढाई हिटलरला फुकटात मिळाली नसती, एवढं नक्की.

२९ सप्टेंबरला म्युनिकमध्ये ब्रिटनचे चेंबरलेन, फ्रान्सचे दलादिए, हिटलर आणि मुसोलिनी असे चौघे बसले. ज्यांचा देश कापायचा होता त्यांना बैठकीत घेतलं नव्हतं. चेक प्रतिनिधींना हॉटेलात बसवून ठेवलं आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांच्या हातात निर्णय आणि नकाशा दिला. हिटलर आणि मुसोलिनी तोवर निघून गेले होते. त्या प्रतिनिधींपैकी एकानं नंतर लिहून ठेवलं की चेंबरलेन सारख्या जांभया देत होते आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते लंडनला परतले, कागद हलवून दाखवला आणि आपल्या काळापुरती शांतता मिळाली असं म्हणाले. लोकांनी रस्त्यावर येऊन त्यांचं स्वागत केलं. हेही विसरू नये, कारण वीस वर्षांपूर्वीच्या महायुद्धात ज्यांनी मुलं गमावली होती तीच ही माणसं होती.

मग लचके तोडायला बाकीचेही आले. पोलंडनं तेशेनचा भाग घेतला, नोव्हेंबरमध्ये हंगेरीनं दक्षिणेचा पट्टा घेतला. एकदा अंगणाचं फाटक उघडं पडलं की येणारा एकटा नसतो. उरलेल्या देशाच्या सरहद्दींना ब्रिटन आणि फ्रान्सनं हमी देऊ केली होती. पण १४ मार्च १९३९ रोजी जर्मनीच्या दबावाखाली स्लोव्हाकियानं स्वातंत्र्य जाहीर केलं, १५ मार्चला जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं, आणि चेंबरलेन संसदेत म्हणाले की ज्या देशाला हमी दिली होती तो देशच आता उरला नाही, तेव्हा हमीचा प्रश्न येत नाही. वकिली दृष्टीनं हे उत्तर बिनतोड होतं.

प्रागबरोबर हिटलरला स्कोडाचे कारखाने मिळाले, शस्त्रागार मिळालं, तयार रणगाडे मिळाले. १९४० मध्ये रोमेलची सातवी पँझर डिव्हिजन फ्रान्समध्ये घुसली तेव्हा तिच्याकडे मोठ्या संख्येनं चेक बनावटीचे रणगाडे होते. ज्या फ्रान्सनं म्युनिकमध्ये सही केली, त्याच फ्रान्सवर त्या सहीतून मिळालेली शस्त्रं चालून आली.

चेंबरलेनचा बचाव करणारे म्हणतात की ब्रिटनला तयारीसाठी वर्ष मिळालं. हे खरं आहे, आणि त्या वर्षात विमानदल बरंच सुधारलं. पण वर्ष दोघांनाही मिळालं होतं, आणि जर्मनीला त्याबरोबर एक अख्खा औद्योगिक देश मिळाला.

मिन्स्क आणि त्याआधी

आता अलीकडे येऊ. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा पडून होता. ती शस्त्रं चालवायची कळ मॉस्कोच्या हातात होती हे खरं, पण ती जमिनीवर तर होती. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटननं लिहून दिलं की युक्रेनच्या सरहद्दींचा मान राखू, आणि युक्रेननं शस्त्रं सोडली. त्या कागदात उल्लंघन झालं तर कुणी काय करायचं हे मात्र नव्हतं. आपसात सल्लामसलत करायची, आणि अण्वस्त्रांच्या हल्ल्याबाबत सुरक्षा परिषदेकडे जायचं, एवढंच होतं. शिवाय सुरक्षा परिषदेत रशियाकडे नकाराधिकार.

२००८ मध्ये जॉर्जियात पाच दिवसांचं युद्ध झालं. फ्रान्सच्या मध्यस्थीनं सहा कलमी करार झाला, त्यात रशियन सैन्यानं युद्धापूर्वीच्या जागी परतावं असं होतं. पंधरा दिवसांच्या आत रशियानं दक्षिण ओसेतिया आणि अबखाझियाला स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. सैन्य तिथंच राहिलं. जगानं काही महिने नाराजी दाखवली आणि व्यवहार पूर्ववत झाले. सहा वर्षांनी क्रिमिया गेला.

पूर्व युक्रेनात लढाई पेटल्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये बेलारूसच्या राजधानीत, मिन्स्कमध्ये, पहिला करार झाला. जानेवारीत तो मोडला. १२ फेब्रुवारी २०१५ रोजी दुसरा झाला. १५ तारखेपासून गोळीबार थांबणार होता. १८ तारखेला देबाल्त्सेव्हे हे रेल्वेचं मोठं जंक्शन रशियाच्या पाठिंब्यावर लढणाऱ्यांनी जिंकून घेतलं. करारावर शाई वाळायचीच होती.

मिन्स्कमधली गोम एका क्रमात होती. पूर्वेकडच्या भागात निवडणुका आधी, की सरहद्दीचा ताबा युक्रेनला परत आधी? कराराप्रमाणे सरहद्द शेवटी मिळायची होती. युक्रेनचं म्हणणं, परकी सैन्य आणि उघडी सरहद्द असताना निवडणूक कसली? रशियाचं म्हणणं, लिहिलंय तसं करा. आणि रशिया तर असंही म्हणत राहिला की आम्ही या भांडणात पक्षच नाही, आम्ही मध्यस्थ. करारावर त्यांच्या राजदूताची सही होती तरी! सात वर्षं हे चाललं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं २०१४ ते २०२१ या काळात चौदा हजारांवर माणसं त्यात मेली, आणि याला आपण शांतता करार म्हणत होतो. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी पुतिननं पूर्वेकडच्या दोनेत्स्क आणि लुहान्स्क या दोन भागांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली, तीन दिवसांनी उत्तर, पूर्व आणि दक्षिण अशा तिन्ही बाजूंनी हल्ला झाला.

मिन्स्कच्या वेळी युक्रेनची सेना हरत होती, म्हणून सही झाली. त्या सात वर्षांत तिनं स्वतःला बांधून काढलं, हेही तितकंच खरं. २०२२ मध्ये कीव्ह वाचलं त्यात याचा वाटा मोठा आहे. पण म्हणून मिन्स्कला यशस्वी म्हणायचं तर शांततेची व्याख्याच बदलावी लागेल.

दुसरी बाजूही तह मोडते

इथवर मी हल्लेखोराबद्दलच बोललो. पण अन्यायी तह पीडितही मोडतो, आणि हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. मिर्झाराजे जयसिंगांपुढं शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले, बारा स्वतःकडे ठेवले. पाच वर्षांच्या आत, फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा परत घेतला आणि मग एकामागून एक बाकीचे किल्ले. पुरंदर महाराजांनी मनातून कधी मान्य केलाच नव्हता. तो श्वास घ्यायला मिळालेला वेळ होता. फ्रान्सनं १८७१ मध्ये अल्सास-लोरेन गमावलं आणि ते दुखणं चाळीस वर्षांवर जपलं.

आप्पासाहेबांचंही तेच, फक्त नशीब उलटं. त्यांच्या वकुबाबद्दल इतिहासकार फारसं चांगलं बोलत नाहीत, आणि मलाही त्यांच्याबद्दल फार कौतुक नाही. पण १८१७ मध्ये त्यांच्याबरोबर जे लढले ते सगळे काही त्यांच्या प्रेमापोटी लढले नव्हते. अटकेतून पळाल्यावर महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना आसरा दिला, त्यांच्यासाठी ते लढलेही. तह राजाशी झाला होता, त्या मुलखात राहणाऱ्यांशी नाही. ज्यांच्या गावावरून सौदा होतो त्यांना विचारलंच नसेल, तर सौदा पाळायची जबाबदारी त्यांना वाटत नाही. सुडेटनलँड जर्मनीला मिळाल्यावर तिथले चेक, ज्यू आणि हिटलरविरोधी जर्मनसुद्धा घरदार सोडून पळाले. नकाशावर ती फक्त एक रंगीत पट्टी होती.

इथं कुणीतरी व्हर्सायचं नाव काढणारच. १९१९ च्या त्या तहात जर्मनीवर जाचक अटी लादल्या म्हणून हिटलर आला, तेव्हा हल्लेखोराशीही नरमाईनं वागावं, असा तो युक्तिवाद. त्यात थोडं तथ्य आहे. पण व्हर्साय मोडला तो १९३६ च्या मार्चमध्ये, जर्मन सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये शिरलं आणि कुणीही बोट उचललं नाही तेव्हा. तहाच्या अटी कडक होत्या आणि अंमल ढिला. अपमानही झाला आणि धाकही उरला नाही, हे सगळ्यात वाईट मिश्रण.

मग टिकतो तो कोणता?

सगळे वाईट तह मोडतात असं म्हटलं तर ते खोटं होईल. फिनलंडवर सोव्हिएत संघानं नोव्हेंबर १९३९ मध्ये हल्ला केला. मार्च १९४० च्या तहात फिनलंडनं जवळपास दहावा हिस्सा जमीन दिली, चार लाखांवर लोक घरं सोडून देशाच्या उरलेल्या भागात आले. तो तह सव्वा वर्षच टिकला. फिनलंड जर्मनीच्या बाजूनं पुन्हा लढला, पुन्हा हरला, आणि १९४४ च्या युद्धबंदीत जवळपास त्याच सरहद्दी, थोड्या आणखी वाईट, मान्य कराव्या लागल्या. ती व्यवस्था मात्र टिकली. फरक काय? १९४४ पर्यंत स्टालिनला दोनदा कळलं होतं की फिनलंड गिळायला किती माणसं लागतात. फिनिश सैन्य शाबूत होतं, देश कधीच ताब्यात आला नव्हता. तह अन्यायी होता, पण तो मोडणं महाग होतं.

आपल्याकडचं उदाहरण सालबाईचं. १७८२ च्या मे महिन्यात पहिलं इंग्रज-मराठा युद्ध संपलं. इंग्रजांनी युद्धात घेतलेला बराच मुलूख परत केला, साष्टी मात्र ठेवली. हा तह वीस वर्षं टिकला, कारण इंग्रजांना वडगावला नाक घासावं लागल्याची आठवण ताजी होती आणि महादजी शिंदे, नाना फडणीस ही माणसं जिवंत होती. नागपूरकरांनी इथं जरा खाली मान घालावी. त्या युद्धात मुधोजी भोसल्यांना हेस्टिंग्जनं पैसे देऊन बाजूला बसवलं होतं. एकेकट्याला गाठायचं हे तंत्र तेव्हाच शोधलेलं होतं. महादजी आणि नाना गेल्यावर १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावानं वसईत तैनाती फौज मान्य केली आणि वर्षभरात अडगाव-गाविलगड झालं.

तेव्हा उद्या एखाद्या शांतता कराराची बातमी आली तर किती टक्के जमीन कुणाला गेली या आकड्यावर थांबू नका. डोंगर, तटबंदी, बंदरं कुणाकडे राहिली ते बघा. पीडिताच्या सैन्याच्या आकारावर मर्यादा घातली असेल तर सावध व्हा, कारण हल्ला करणाऱ्याला समोरच्याचं सैन्य लहान करून हवं असतं ते कशासाठी, हे उघड आहे. कोणतं कलम आधी आणि कोणतं नंतर, हे वाचा. मोडलं तर कोण, किती दिवसांत, काय करणार, हे लिहिलंय का? आणि टेबलाशी खुर्ची कुणाला नव्हती?

कोरियाचं प्रकरण या दृष्टीनं बघण्यासारखं आहे. २७ जुलै १९५३ ची युद्धबंदी म्हणजे शांतता करार नव्हेच, तो आजवर झालेला नाही. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना ती मान्यच नव्हती. वाटाघाटी उधळायला त्यांनी जूनमध्ये सत्तावीस हजारांच्या आसपास युद्धकैदी परस्पर सोडून दिले. अमेरिका संतापली. री लोकशाहीवादी वगैरे मुळीच नव्हते, पण त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती: मोठे देश घरी परतायला उतावीळ असताना छोट्यानं अडून बसलं तरच त्याला काही मिळतं. त्यांनी सही केली नाहीच. त्याऐवजी १ ऑक्टोबरला अमेरिकेकडून परस्पर संरक्षणाचा करार पदरात पाडून घेतला. चार किलोमीटर रुंदीचा तो निर्लष्करी पट्टा आजही आहे, आणि पट्ट्याच्या दक्षिणेला अमेरिकेचं सैन्यही.